कुठं लोखंड, कुठं प्लास्टिक

लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं, की मुलाचं खेळण्यांचं दुकान आहे. माझं माहेर निपाणीकडचं. घरी तंबाखूचा व्यापार, दिवसभर ठसका लागणारं घर. त्यामानानं खेळण्यांचं दुकान म्हणजे हसतखेळत चालणारा धंदा असणार, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात खेळण्यांच्या दुकानात सगळ्यात जास्त काय ऐकू येत असेल, तर ते रडणं. घेऊन दिलं नाही म्हणून एक रडणं, आणि घेऊन दिलेलं मोडलं म्हणून दुसरं. पहिल्याचा इलाज आईबाप करायचे. दुसऱ्याचा हळूहळू माझ्याकडे आला.

दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा असा निरोप आला, तेव्हा मी हसलेच. खेळणी विकणाऱ्या बाईनं काय लिहायचं? मग आठवलं, की एक प्रश्न मला दुकानात बसल्यापासून उठेपर्यंत माणसं विचारत आली. "अक्का, लोखंडाचं घेऊ का प्लास्टिकचं?" या प्रश्नावर मी जितकं बोलले तितकं पोटच्या पोरांच्या अभ्यासावर बोलले नसेन. तेव्हा त्याबद्दलच लिहिते.

नव्वदच्या दशकात रिमोटवर चालणाऱ्या गाड्या आमच्याकडे यायला लागल्या. दिसायला झकपक, आत सगळा नाजूक मामला. गाडी भिंतीवर आपटली, की मोटर फिरत राहायची आणि चाकं गप्प. ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, म्हणणं होतं की विकलेला माल आपला नाही. मला ते पटायचं नाही. परत आलेली एक गाडी मी घरी नेली आणि शिवणाच्या मशीनच्या छोट्या पेचकसानं उघडली. आत प्लास्टिकची दातेरी चाकं होती, एकमेकांत अडकलेली. त्यातल्या एकाचे दोन दात गेले होते. एवढ्याशानं अख्खी गाडी बसली होती. माझ्या सासूबाईंचेही पुढचे दोनच दात गेले होते आणि त्यांचं सगळं खाणं अडलं होतं, त्यामुळे मला ते लगेच कळलं.

तेव्हापासून मी दुकानाच्या मागच्या बाजूला एक टेबल मांडलं आणि दुरुस्ती सुरू केली. बाई पेचकस घेऊन बसलीय म्हटल्यावर लोक आधी नवऱ्याकडे बघायचे. हे म्हणायचे, "माझ्याकडं बघू नका. मला गाडीचा सेल उलटा बसवायची सवय हाय."

एकदा आखातात ड्रायव्हर असलेला एक माणूस आला. सुट्टीवर आला होता. मुलीसाठी तिकडून आणलेली मोठी जीप हातात, बरोबर मुलगी. गाडीचा गिअर, म्हणजे आतलं तसलंच दातेरी चाक, गेलं होतं. "अक्का, मी जायच्या आत झाली तर बघा. ती माझ्यावर रुसलीय. मी गेल्यावर रुसवा तसाच ऱ्हाईल," म्हणाला. तसला गिअर कुठं मिळणार? मी तो कागदात गुंडाळून उद्यमनगरात दिनकरमामांकडे गेले. दिनकरमामा लेथवर काम करणारे जुने टर्नर, उसाच्या गुऱ्हाळाचे मोठमोठे भाग घडवणारे. त्यांनी तो गिअर तळहातावर घेतला, चष्मा वर सारला, आणि म्हणाले, "ह्ये काय, कानातलं हाय का?"

"गिअर आहे मामा. असाच करून द्या. पण मजबूत."

"मजबूत पायजे तर पितळेचा करतो. तुझी नातवंडं खेळतील."

त्यांनी केला. मी बसवला. गाडी अशी पळाली की मुलगी टाळ्या वाजवायला लागली. दोन दिवसांनी तो माणूस पुन्हा दारात. या वेळी गिअर शाबूत होता, पण ज्या खोबणीत तो बसायचा ती प्लास्टिकची पेटीच तडकली होती. आपटल्याचा दणका आधी दोन दातांवर संपत होता. आता पितळेनं तो अंगावर घेतलाच नाही, पुढे ढकलला. मी आणि दिनकरमामा त्या गाडीपुढे बराच वेळ बसलो. शेवटी मामांनी नायलॉनच्या गट्टूतून नवा गिअर कातला, मी पेटीला आतून पट्टी चिकटवली, आणि बाप जायच्या आदल्या दिवशी गाडी मुलीच्या हातात गेली. ती दोघं पुन्हा कधी दुकानात आली नाहीत. गाडी चालत असणार, असं मी मनाशी धरून चालते.

धंद्यातली माझी पहिली शिकवण ती. गाडीत कुठला तरी एक भाग आपण होऊन मोडणारा हवा. तो स्वस्त हवा, हाताशी यावा असा हवा. सगळंच मजबूत केलं तर दणका जाऊन जाऊन सगळ्यात महाग जागी बसतो.

मग दोन हजार साल उलटून काही वर्षं गेल्यावर क्रॉलर आले. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. क्रॉलर म्हणजे दगडावर चढणारी रिमोटची गाडी. लांबी हातभर, चाकं मऊ रबराची आणि अंगाच्या मानानं मोठी. ही गाडी पळत नाही. गोगलगाईसारखी चालते, पण तुमच्या गुडघ्याएवढ्या दगडावर चढून दाखवते. चारही चाकं वेगवेगळी वरखाली होतात, एक चाक खड्ड्यात आणि एक आभाळात असलं तरी बाकीची दोन दगड धरून ठेवतात. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून ह्यांनी भीतभीत दोन मागवल्या. मी दुकानाच्या काचेत विटांचा ढीग रचला आणि त्यावर एक चढवून दाखवायला लागले. मुलं बघून पुढे जायची. थांबायचे ते त्यांचे बाप.

क्रॉलरचा शौक हा पोरखेळ नव्हे, तो केस विरळ झालेल्यांचा खेळ. माझी गिऱ्हाइकं म्हणजे दातांचे एक डॉक्टर, गुळाचे एक अडत्ये, एक बँकेतले साहेब. डॉक्टर गाडी घरी नेऊन दात घासायच्या ब्रशनं साफ करायचे, आणि ब्रश कुणाचा ते विचारायचं मला धैर्य झालं नाही. आणि या सगळ्यांत उठून दिसणारे म्हणजे शिवाजी पेठेतले तानाजीराव.

तानाजीरावांचा म्हशींचा गोठा आणि दुधाचा धंदा. माणूस दारात उभा राहिला की दुकानात अंधार पडायचा. तरुणपणी तालमीत घुमलेलं शरीर, आता गुडघे गेलेले. काचेतली गाडी विटांवर चढताना त्यांनी पाहिली आणि स्टूल ओढून बसले. "अक्का, परत चढवा." मी चढवली. "परत." असं किती वेळा झालं कोण जाणे. मग म्हणाले, "मला आता जिना चढवंना. ही बगा कशी चढतीय." गाडी घेऊनच गेले.

आठवड्यात परत आले. पुढच्या चाकाजवळचा प्लास्टिकचा सांधा मोडला होता. मी नवा दिला. त्यांनी तो दोन बोटांत वाकवून बघितला. "ह्ये वाकतंय की!"

"वाकायलाच केलंय. वाकतं म्हणून वाचतं."

"प्लास्टिक म्हंजे काय वो, कंगवा! मला सगळं लोखंडाचं पायजे. वरनं खालपत्तूर."

मी सांगून पाहिलं. धातू चांगला, पण जागा बघून. जिथं फिरणं आहे आणि ताकद जाते, म्हणजे आतले गिअर, चाकं फिरवणारे दांडे, तिथं पोलाद हवंच. चाकांजवळ खाली वजन असलं तर गाडी दगडाला चिकटून बसते, तिथं पितळ घाला. पण वरच्या अंगाला धातू नको, कारण डोकं जड झालं की गाडी उलटते. आणि पोटाखालची पट्टी तर प्लास्टिकचीच हवी. दगडाच्या कडेवर गाडी पोटावर टेकली तर प्लास्टिक घसरून पुढे जातं, धातू दगडात दात रोवून बसतो.

तानाजीरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि सगळं लोखंडाचं केलं; त्यांच्या लेखी अॅल्युमिनियमही लोखंडच. जे माझ्याकडे नव्हतं ते उद्यमनगरातनं घडवून आणलं. गाडी हातात घेतली तर मनगट खाली जायचं. गोठ्यामागच्या दगडांवर पहिल्याच दिवशी ती मागं उलटली आणि म्हशीच्या शेणात पडली. ती तशीच त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

यानंतर थोड्याच दिवसांनी एक सडपातळ गृहस्थ आले. पांढरे बूट, गळ्यात शिट्टीची दोरी. कोडोलीच्या शाळेत खेळाचे शिक्षक, सर्जेराव. काचेकडे न बघता सरळ मला म्हणाले, "अक्का, शिवाजी पेठेतल्या तानाजीरावांनी तुमच्याकडनं कसली गाडी नेलीय?"

"गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकाला सांगत नाही मी."

"मी त्यांचा धाकटा भाऊ हाय."

"मग त्यांनाच विचारा की."

ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "तसलीच द्या. पण तसली नको."

त्यांचं प्रकरण मला नंतर कळलं, आणि पेठेत ते सगळ्यांनाच माहीत होतं. कोल्हापुरात फुटबॉल हा खेळ नसून घराणं आहे, हे बाहेरच्यांना सांगायला लागतं. प्रत्येक पेठेच्या तालमीचा संघ, त्याचा रंग, त्याची माणसं. सर्जेराव तरुणपणी फार उत्तम खेळायचे. थोरल्या भावानं म्हशीचं दूध पाजून त्यांना वाढवलेलं. नव्वदच्या दशकात कधीतरी सर्जेरावांनी स्वतःच्या तालमीचा संघ सोडला आणि समोरच्या पेठेकडून खेळायला उतरले. घरच्या संघात त्यांना बाहेर बसवून ठेवत होते, म्हणून. अंतिम सामन्यात त्यांनीच गोल केला आणि तानाजीरावांचा संघ हरला. तानाजीराव मैदानातून उठून घरी आले, आणि त्या दिवसापासून त्यांनी धाकट्या भावाशी बोलणं सोडलं. सर्जेराव पुढे बायकोच्या गावी, कोडोलीला राहायला गेले. आई मात्र थोरल्याकडे. तानाजीराव दूध घालायला बाहेर पडले, की सर्जेराव मोटरसायकलवरून येऊन आईजवळ बसायचे आणि भाऊ परतायच्या आत निघून जायचे. आईनंच एकदा त्यांना सांगितलं, की थोरला हल्ली गोठ्यामागं दगडावर गाडी चढवत बसतो आणि एकटाच हसतो. ते ऐकून सर्जेराव माझ्याकडे आले होते.

सर्जेरावांनी प्लास्टिक धरलं. भावानं लोखंड घेतलंय हे त्यांना आईकडून कळलं होतं, तेवढं कारण पुरेसं होतं. शिवाय स्वभावही तसा. "अक्का, पोरगं पळताना पडलं तर मी त्येला सांगतो, अंग सैल सोड. आखडून पडलास तर हाड मोडंल," म्हणायचे. त्यांची गाडी हलकी, लवचीक. पडायची, घसरायची, सांधे मोडायचे, ते मोडलेला भाग काढून खिशातला नवा बसवायचे आणि पुढे जायचे. एकच भाग मी त्यांना धातूचा घ्यायला लावला. सर्व्हो. म्हणजे पुढची चाकं डावी-उजवीकडे वळवणारी काडेपेटीएवढी डबी. तिच्या आत इवलेसे गिअर असतात. चाक दगडाच्या फटीत अडकलं आणि तुम्ही वळवायला गेलात, की सगळा जोर त्या इवल्या दातांवर येतो. "बाकी काहीही प्लास्टिकचं ठेवा सर, हे दात मात्र धातूचे घ्या," म्हटलं. त्यांनी ऐकलं. मुंबईहून तसा एकच आला होता, तो त्यांना गेला.

हेच मी तानाजीरावांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "डबीच्या आतलं कोण बगतंय?"

वर्षभर हे असं चाललं. एका आठवड्यात थोरला येणार, दुसऱ्या आठवड्यात धाकटा. दोघंही बिल करताना दुसरीकडे बघत एकच प्रश्न विचारणार, "त्यानं काय बसवलं?" मी बिल पुढे सरकवायचे. तानाजीरावांची गाडी हळूहळू सुधारली. वरचं लोखंड उतरवून खाली पितळ घालायला ते तयार झाले. पोटाची पट्टी मात्र अॅल्युमिनियमचीच राहिली. त्यावर बोललं की म्हणायचे, "अक्का, पोटाला तरी चिलखत नको व्हय?"

तेव्हा माझ्या डोक्यात स्पर्धा घ्यायचं आलं. धंद्याचा विचार त्यात होताच, नाही म्हणत नाही. पण त्या दोघांना एका जागी उभं करावं हेही होतं. ह्यांना सांगितल्यावर हे घाबरले. आम्ही नवरा-बायको गिऱ्हाइकासमोर वाद घालायचा झाला की माझ्या माहेरच्या कानडीत घालतो. हे म्हणाले, "इब्बरनू करीब्याड." दोघांना बोलवू नको. "मारामारी झाली तर दुकानाचं नाव जाईल." समोर गुळाचे अडत्ये उभे होते. तेही घरी कानडीच बोलणारे. ते शांतपणे मराठीत म्हणाले, "बोलवा वैनी. बघूया तरी."

जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला एक बंद पडलेली दगडाची खाण होती. थंडीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही तिथं गेलो. काळा दगड, मध्येमध्ये वाळकं गवत. मी दगडांमधून वाट आखली आणि जागोजागी दोन-दोन काठ्या रोवून दारं केली. गाडी त्या दारांतून न्यायची. काठीला धक्का लागला किंवा गाडीला हात लावला तर गुण कमी. प्रत्येकाला दोन पाळ्या, चांगली ठरेल ती धरायची.

तानाजीराव आले, पाठीमागं लाकडी स्टूल घेऊन पेठेतला एक माणूस. सर्जेराव मोटरसायकलवरून आले, भावाला पाहून थबकले. मी दोघांपैकी कुणालाच दुसऱ्याबद्दल सांगितलं नव्हतं. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी काठ्या रोवत राहिले. दोघं गेले नाहीत, एवढंच. खाणीच्या एका टोकाला एक उभा राहिला, दुसऱ्या टोकाला दुसरा.

सर्जेरावांची पहिली पाळी बरी झाली. एक सांधा मोडला, तो त्यांनी तिथंच बदलला. मग तानाजीराव. ते स्टुलावर बसून रिमोट चालवत होते आणि गाडी घोरपडीसारखी दगडाला धरून निघाली होती. खाली घातलेलं पितळ काम करत होतं. पहिली दारं धक्का न लागता गेली. मला मनातून आनंद झाला. शेवटचा दगड मोठा, वर धारदार कड. पुढची चाकं कडेवर आली, पोट टेकलं आणि पट्टी दगडात रुतली. पुढचं उजवं चाक फटीत शिरलं. तानाजीरावांनी वळवायचा प्रयत्न केला. चाक हलेना. त्यांनी आणखी जोर लावला. आतून कर्रर्र असा आवाज आला, सुपारी फुटावी तसा. मग पुढची चाकं लुळी पडली.

मी गाडी आणून उघडली. चष्मा लावून डबीत बघितलं. पांढरा भुगा होता. चाकाचा गाभा पोलादी, सांधा धातूचा, दांडा पोलादी. कुणीच वाकलं नाही, कुणीच दणका खाल्ला नाही, तो सरळ आतल्या प्लास्टिकच्या दातांवर जाऊन बसला. अख्ख्या गाडीत तेवढाच एक भाग मऊ राहिला होता.

"नवीन बसवा," तानाजीराव म्हणाले.

"माझ्याकडे नाही तानाजीराव. तुमच्या गाडीला पेलेल असा एकच आला होता."

"कुठाय?"

 सांगायची गरजच पडली नाही, कारण सगळेच एका दिशेला बघायला लागले. सर्जेराव आपली गाडी मांडीवर घेऊन दगडावर बसले होते. त्यांनी ती उलटी केली, खिशातून पेचकस काढला आणि खाली मान घालून स्क्रू सोडवायला लागले.

मी जवळ गेले. "सर, तुमची दुसरी पाळी राहिलीय."

"ऱ्हाऊ द्या की."

त्यांनी डबी काढून माझ्या हातात दिली. "बसवा अक्का."

डबी मी परत त्यांच्यापुढे धरली. मग म्हणाले, "माझा चष्मा दुकानात राहिलाय. मला एवढे बारीक स्क्रू दिसत नाहीत. तुम्हीच बसवा. आणि गाडी जड आहे, कुणीतरी धरायला पाहिजे."

चष्मा माझ्या डोक्यावर होता. मघाशी वर सारलेला. ह्यांनी तो बघितला आणि डोंगराकडे तोंड फिरवलं. डॉक्टरांनी बघितला. तानाजीरावांनीही बघितला, अगदी नीट, माझ्या कपाळाच्या वर. 

सर्जेराव भावाच्या स्टुलापुढे मातीत मांडी घालून बसले. तानाजीरावांनी गाडी दोन्ही हातांत उलटी धरली. खाणीत असा शुकशुकाट झाला की पेचकसाची किरकिर ऐकू यायची. मला वाटत होतं, आता गाडी खाली पडेल, कुणीतरी उठून जाईल. पहिला स्क्रू बसला. दुसऱ्याला तानाजीराव वाकून बघायला लागले.

"तिरका चाललाय."

सर्जेरावांनी मान वर केली नाही. "न्हाय तिरका."

"मी वरनं बगतोय न्हवं?"

"मग गाडी हलवू नकोस."

"मी कुठं हलवतोय?"

"हाताला काय झालंय मग?"

"थंडी हाय."

ऊन चांगलं वर आलं होतं. एवढंच बोलणं. मधल्या वर्षांत यांच्या घरात लग्नं झाली होती, पोरं जन्मली होती, वडील गेले होते, आणि तेव्हाही हे दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे होते. मी दुसऱ्या बाजूला जाऊन उगीचच काठ्या तपासायला लागले, कारण माझे डोळे भरून आले होते.

तानाजीरावांची दुसरी पाळी सुरू झाली. गाडी पुन्हा त्याच दगडावर, पुन्हा पोट टेकून अडकली. त्यांचा अंगठा पुन्हा जोर लावायला निघाला, तेवढ्यात सर्जेराव ओरडले, "दादा, जोर लावू नको! मागं घे. मागं घे आन् कडंनं काढ!"

तानाजीरावांनी गाडी मागं घेतली. कडेनं काढली. ती चढली, वर जाऊन पूर्ण उभी राहिली, आणि सगळे ओरडायला लागले तशी पलीकडच्या उतारावरून कोलांट्या खात खाली गेली. शेवटच्या दोन्ही काठ्या घेऊनच गेली. आधी हसायला लागले ते तानाजीराव. ते हसले की पोट, खांदे, स्टूल सगळंच हलायचं.

पहिला नंबर दातांच्या डॉक्टरांचा आला. सर्जेरावांनी दुसरी पाळी घेतली नाही. डबी भावाच्या गाडीतच राहिली आणि दोघं आपापल्या वाहनानं, आपापल्या वाटेनं गेले. मिठी नाही, रडणं नाही. परत येताना हे म्हणाले, "एवढ्यासाठी चष्मा डोक्यावर ठेवून खोटं बोललीस!" मलाही जरा खट्टूच वाटलं होतं. मनात म्हटलं, चार वाक्यं झाली, तीही स्क्रूवर.

आता क्रॉलरचे भाग माणसं घरबसल्या मागवतात. मी दुकानात बसणं सोडायच्या आधी शेवटी शेवटी कुणी येत नव्हतं असं नाही, पण टेबलाशी बसून "काय बसवू" असं विचारणारी माणसं कमी झाली. त्याचं वाईट वाटतं. भाग मिळतात, पण तो कुठं बसवायचा यावर कुणी तुमच्याशी तासभर वाद घालत नाही. मी सांगितलेलं सगळ्यांनी ऐकलं असंही नाही. कित्येक जण माझा सल्ला घेऊन नेमकं उलटं करायचे आणि गाडी घेऊन परत यायचे. ते परत येणं मला आवडायचं.

स्पर्धेनंतर काही दिवस दोघांपैकी कुणी फिरकलं नाही. मग एका दुपारी दारात अंधार पडला. तानाजीराव आले होते. त्यांच्या मागून सर्जेराव. बाहेर एकच मोटरसायकल उभी होती. दोघांच्या काखेत आपापली गाडी.

"अक्का," तानाजीराव स्टुलावर बसता बसता म्हणाले, "ह्येला सांगा, पोटाची पट्टी अॅल्युमिनियमची असली म्हणून बिघडत न्हाय. कानस मारून गुळगुळीत केली की झालं."

"गुळगुळीत किती दिवस ऱ्हाईल?" सर्जेराव म्हणाले. "दगडावर चार वेळा घासली की परत खरबडीत. प्लास्टिकची बसव म्हणतोय तर ऐकंना."

"तुझं प्लास्टिक मोडतंय!"

"मोडू दे की! नवीन घालायची. तुझ्यासारखं न्हाय, एकदा धरलं की सोडायचं न्हाय!"

"म्या काय धरून ठिवलं? संघ तू सोडलास!"

"मला बाकावर बसवून ठेवलतं तवा तू बोललास का एक शब्द?"

"मला इचारलास? घरात बसून इचारलास का मला?"

आवाज असे चढले की शेजारच्या भांड्यांच्या दुकानातून माणसं बाहेर आली. काचेतल्या बाहुल्या हलायला लागल्या असाव्यात असं मला वाटलं. हे गल्ल्यावरून उठले आणि मधे पडत म्हणाले, "अवो, भावाभावांत कशाला? घरी जाऊन शांतपणे बोला."

"घरातच भांडत हुतो सकाळपासनं," तानाजीराव म्हणाले. "आईला झोप लागंना. म्हणाली, अक्काकडं जाऊन भांडा."

हे माझ्याकडे बघायला लागले. दोघांना बाहेर काढू का, असं त्यांच्या तोंडावर होतं. मी दुसरं स्टूल ओढून सर्जेरावांच्या पुढे सरकवलं आणि ह्यांना म्हटलं, "तुम्ही चहा सांगा. भांडू दे त्यांना. लई वर्षांचं राहिलंय."